कार्ड गप्प का बसलं?

गोरेगावच्या चित्रनगरीत शूटिंग उरकतं तेव्हा दिवसभर राबलेल्या युनिटचं सगळं काम ३२ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद अशा एखाद्या कार्डावर साठलेलं असतं. बोरिवलीत लग्नाचे फोटो काढणाऱ्याची, मुलुंड चेकनाक्यावरून रोज ये-जा करणाऱ्या टॅक्सीतल्या डॅशकॅमची आणि घाटकोपरच्या सोसायटीतल्या जिन्यावर लावलेल्या कॅमेऱ्याची भिस्तही अशाच कार्डावर. फार तर ते आणखी लहान असतं, मायक्रोएसडी. या सगळ्यांना कधी ना कधी पडद्यावर ‘कार्ड एरर’ दिसतं. मग कार्ड काढून पुसायचं, पुन्हा घालून बघायचं, नाहीच जमलं तर नवं घ्यायचं. दोष कार्डाचाच, हे आपण धरून चालतो.

ज्याला कॅमेरा, डॅशकॅम किंवा असा एखादा बोर्ड बनवायचा आहे त्याला असं धरून चालता येत नाही. कार्डातली चिप ठणठणीत असते, कॅमेऱ्यातला प्रोसेसरही ठणठणीत असतो, आणि तरी दोघांचं जमत नाही, असं पुष्कळदा घडतं. कारण या दोघांमध्ये नेमून दिलेल्या नियमांनी बोलणं चालतं, आणि त्या बोलण्यात कुठेतरी एकाने नियम मोडलेला असतो. कार्ड बनवणारा म्हणतो चूक बोर्डाची, बोर्ड बनवणारा म्हणतो चूक कार्डाची. हा वाद अंदाजाने मिटत नाही. त्यासाठी दोघांच्या मध्ये बसून प्रत्येक शब्द वेळेसकट टिपून घेणारं यंत्र लागतं. त्याचं नाव प्रोटोकॉल ॲनालायझर. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात या यंत्राला अर्धं पानही मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं. चूक कुणाची हे पुराव्याने सांगायची शिस्त त्याच्याइतकी स्पष्ट दुसरं कुठलंच उपकरण शिकवत नाही.

या विषयाचं आणि अंधेरीचं नातं जुनं आहे. १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजे आपलं सीप्झ, सुरू झालं. आज तिथे हिऱ्या-दागिन्यांचं काम मोठं आहे, पण सुरुवातीला हा पट्टा फक्त इलेक्ट्रॉनिक्ससाठी राखलेला होता. त्याच वर्षी अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डने ५०००ए नावाचा लॉजिक ॲनालायझर बाजारात आणला. तारेवरून धावणारे शून्य आणि एक पकडून ठेवायचे आणि एलईडींच्या ओळीत दाखवायचे, एवढंच त्याचं काम. आजच्या प्रोटोकॉल ॲनालायझरचा तो पूर्वज.

माहिती साठवणाऱ्या यंत्रांचं कामही मुंबईला नवं नाही. जुगी टंडन यांच्या कॅलिफोर्नियातल्या टंडन कंपनीने सत्तरच्या दशकात फ्लॉपी ड्राइव्हचं रीड-राइट हेड बनवायला घेतलं. त्यातलं हातकामाचं, डोळे ताणून करायचं उत्पादन भारतात होत असे. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात टंडनचेच फ्लॉपी ड्राइव्ह बसवलेले होते. पुढे टंडन कुटुंबाच्याच उद्योगसमूहातून सिरमा ही कंपनी उभी राहिली. २०२२ मध्ये शेअर बाजारात आलेल्या सिरमा एसजीएसच्या उत्पादनांमध्ये मेमरी मॉड्यूल आणि यूएसबी ड्राइव्ह आहेत. फ्लॉपीपासून फ्लॅशपर्यंतचा हा प्रवास आपल्या शहरातल्या माणसांच्या हातांखालून गेलेला आहे.

आता कार्डाकडे वळू.

एसडी कार्ड १९९९ मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता, म्हणजे आताची पॅनासोनिक, या तीन कंपन्यांनी मिळून जाहीर केलं. पुढच्या वर्षी नियम ठरवण्यासाठी एसडी असोसिएशन स्थापन झाली. कार्डाच्या पाठीवर नऊ सोनेरी पट्ट्या दिसतात. त्यांतल्या तीन विजेच्या आणि अर्थिंगच्या. उरलेल्या सहांपैकी एक क्लॉकची, एक कमांडची आणि चार डेटाच्या. मायक्रोएसडीत अर्थिंगची एक पट्टी कमी, म्हणून आठ. ज्याच्यात कार्ड घालतो त्या यंत्राला होस्ट म्हणतात. क्लॉक नेहमी होस्ट देतो. त्याच्या ठोक्यावर दोघांनी बोलायचं. कार्ड स्वतःहून कधीच बोलायला सुरुवात करत नाही, विचारलं तरच उत्तर देतं. कमांडची तार मात्र एकच असते आणि तिच्यावरूनच दोघे आळीपाळीने बोलतात.

होस्टची प्रत्येक आज्ञा बरोबर ४८ बिटांची असते. पहिला बिट शून्य, म्हणजे बोलणं सुरू झालं. दुसरा बिट कोण बोलतंय ते सांगतो: होस्ट असेल तर एक, कार्ड असेल तर शून्य. पुढचे सहा बिट आज्ञेचा क्रमांक, मग ३२ बिट तपशील, मग सात बिटांची सीआरसी नावाची तपासणी-बेरीज आणि शेवटी एक बिट पूर्णविरामाचा. मधल्या तारेत एखाद-दुसरा बिट उलटला तरी सीआरसी जुळत नाही आणि ऐकणाऱ्याला कळतं की ऐकलेलं बरोबर नाही.

कार्ड खाचेत गेल्यावर पहिल्या सेकंदाच्या आत जे घडतं, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. बहुतेक भांडणं इथेच होतात.

वीज स्थिर झाल्यावर होस्टने आधी निदान ७४ ठोके नुसते द्यायचे, काही न बोलता, कार्डाला जागं व्हायला. या काळात क्लॉक मुद्दाम मंद असतो, ४०० किलोहर्ट्झच्या आत, कारण समोर कोणतं आणि किती जुनं कार्ड आहे हे अजून माहीत नसतं. मग आज्ञा शून्य: सगळं विसरून मूळ स्थितीत ये. मग आज्ञा आठ: मी २.७ ते ३.६ व्होल्टवर काम करतो, तुला चालेल का? या आज्ञेबरोबर होस्ट आठ बिटांचा एक नमुना पाठवतो, बहुधा १०१०१०१०, आणि कार्डाने तो जसाच्या तसा परत पाठवायचा असतो. २००६ च्या आधीच्या नियमांवर बनलेल्या कार्डांना ही आज्ञा ठाऊकच नसते, त्यामुळे ती गप्प बसतात. म्हणजे इथे कार्डाचं गप्प बसणं हेही एक वैध उत्तर आहे. ज्याने होस्टचा प्रोग्राम लिहिताना हे लक्षात घेतलं नाही, त्याच्या यंत्रात जुनी कार्डं चालत नाहीत.

त्यानंतर येते आज्ञा ४१. ती द्यायच्या आधी दर वेळी आज्ञा ५५ द्यावी लागते, पुढची आज्ञा खास एसडीची आहे असं सांगायला. होस्ट विचारतो, तयार आहेस का? कार्ड सांगतं, अजून नाही. होस्ट पुन्हा विचारतो. हे एक सेकंदापर्यंत चालू शकतं. याच आज्ञेत एक बिट असा आहे की ज्याने होस्ट कळवतो, ‘मला मोठ्या क्षमतेची कार्डं हाताळता येतात’. तो बिट लावायला होस्ट विसरला, तर दोन जीबीपेक्षा मोठं कार्ड कायम ‘अजून नाही’ असंच म्हणत राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की कार्ड मेलेलं आहे. वास्तविक ते नियमाने वागत असतं: ज्याला मोठ्या कार्डाचा पत्ता लिहिता येत नाही त्याच्या हाती माहिती द्यायची नाही. जुन्या कार्डांत पत्ता बाइटमध्ये मोजतात, मोठ्या कार्डांत ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये. गफलत झाली तर भलत्याच जागी लिहिलं जाईल, आणि ते टाळण्यासाठीच हा नकार आहे. मग कार्ड आपली ओळख देतं, त्याला एक पत्ता मिळतो, त्याची क्षमता वाचली जाते, चार तारा खुल्या होतात, क्लॉक वाढतो.

हे सगळं पाहायचं कसं? प्रयोगशाळेत तीन उपकरणं असतात आणि तिन्ही वेगळं काही सांगतात. चाळीत भिंतीपलीकडच्या खोलीत दोघांचं भांडण चाललेलं असावं, तसं समजा. ऑसिलोस्कोप आवाजाची पट्टी सांगतो: किती चढला, किती उतरला, कुठे घोगरा झाला. लॉजिक ॲनालायझर अक्षरं टिपतो. प्रोटोकॉल ॲनालायझरला भाषाही येते आणि दोघांमधला करारही पाठ असतो. म्हणून तो सांगू शकतो की अमुक वाजता याने तमुक मागितलं, त्याने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही. कार्डाने उत्तराला कधी सुरुवात करावी याची मुदत ६४ ठोक्यांची आहे. पासष्टाव्या ठोक्याला आलेलं उत्तर अक्षर न् अक्षर बरोबर असलं तरी नियमभंगच.

संगणकावरचा संदेश वाचून हे का कळत नाही, असं कुणी विचारेल. लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डात कार्ड बिघडलं की नोंदवहीत उणे ११० किंवा उणे ८४ असे आकडे दिसतात. उणे ११० म्हणजे मुदतीत उत्तर आलं नाही, उणे ८४ म्हणजे आलेलं उत्तर सीआरसीला जुळलं नाही. हे आकडे खोटे नाहीत, पण ते एकाच बाजूचं म्हणणं आहे. एसडीच्या नियमांत एक कलम असं आहे की कार्डाला आज्ञा चुकीची ऐकू आली, तिची सीआरसी जुळली नाही, तर कार्डाने काहीही उत्तर द्यायचं नाही. तक्रार नोंदवायची ती पुढच्या आज्ञेच्या उत्तरात, एका ठरलेल्या बिटात. आता होस्टच्या बाजूने पाहा. त्याने आज्ञा दिली, उत्तर आलं नाही, त्याने लिहून ठेवलं: कार्ड उत्तर देत नाही. खरं काय घडलं? होस्टच्याच तारेवर आज्ञा बिघडली होती आणि कार्डाने नियमाप्रमाणे मौन पाळलं. नोंदवही वाचून तुम्ही कार्ड बदलाल. दुसरंही तेच करेल. तारेवर ॲनालायझर लावला की पहिल्याच पकडीत दिसतं की होस्टच्या आज्ञेचीच सीआरसी चुकलेली आहे. मला या कलमाबद्दल फार आदर वाटतो. नीट न ऐकलेल्या आज्ञेवर अंदाजाने काहीतरी करण्यापेक्षा गप्प बसणं बरं, ही समज ज्यांनी नियमात घातली त्यांना कार्डावरच्या माहितीची किंमत ठाऊक होती.

डेटाच्या तारांबाबतही अशीच एक चांगली सोय आहे. चार तारांवरून डेटा जातो तेव्हा प्रत्येक तारेची स्वतंत्र १६ बिटांची सीआरसी असते. त्यामुळे ॲनालायझर फक्त ‘डेटा बिघडला’ एवढ्यावर थांबत नाही. तिसऱ्या तारेवर बिघडला, बाकीच्या तीन स्वच्छ आहेत, असं तो नेमकं सांगतो. मुंबईच्या पावसाळ्यात सॉकेटच्या एखाद्या पत्तीवर गंज धरला, तर ही खूण हमखास दिसते. असं कार्ड एकाच तारेच्या मंद पद्धतीत मात्र व्यवस्थित चालतं, कारण त्या पद्धतीत फक्त पहिली डेटा तार वापरतात. ‘माझ्या जुन्या रीडरमध्ये चालतं, नव्या कॅमेऱ्यात चालत नाही’ या तक्रारीमागे असं कारण असू शकतं.

हे यंत्र आतून कसं काम करतं ते थोडक्यात सांगतो. कार्ड आणि सॉकेट यांच्या मध्ये एक पातळ पट्टी घालतात, तिला इंटरपोझर म्हणतात. एका टोकाला कार्डाचा आकार, तो होस्टच्या खाचेत जातो. दुसऱ्या टोकाला सॉकेट, त्यात खरं कार्ड बसतं. मधल्या तारांवरून ॲनालायझर ऐकतो. साधा लॉजिक ॲनालायझर स्वतःच्या घड्याळाने नमुने घेतो. प्रोटोकॉल ॲनालायझर कार्डाच्या क्लॉकवरच नमुने घेतो, म्हणून प्रत्येक ठोक्याला एकच नमुना पुरतो आणि तो नेमका होस्टला किंवा कार्डाला दिसलेला असतो. टिपलेलं सगळं बफरमध्ये फिरत राहतं, जुनं पुसत, नवं लिहीत. ट्रिगर लागला की थांबतं. ट्रिगर म्हणजे तुम्ही आधी सांगून ठेवलेली अट: सीआरसी चुकली की थांब, आज्ञा १२ आली की थांब, २५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ कार्ड व्यग्र राहिलं की थांब. त्यामुळे चूक घडण्याच्या आधीचा इतिहासही हातात राहतो. ट्रिगरची अट विचारपूर्वक लिहिता येणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे, कारण यूएचएस-१ या वेगाच्या कार्डावरून सेकंदाला १०४ एमबीपर्यंत डेटा वाहतो आणि चार जीबीचा बफरही चाळीसेक सेकंदांत भरून जातो. रात्री दोनला एकदाच होणारी चूक पकडायची असेल तर सगळं टिपून ठेवणं शक्यच नसतं.

मध्ये घातलेली पट्टी स्वतःही त्रास देते. यूएचएस-१ च्या या कमाल वेगात क्लॉक २०८ मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे एक ठोका ४.८ नॅनोसेकंदांचा. सर्किट बोर्डवर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. तार दोन-तीन सेंटिमीटर लांबली तरी उत्तर यायच्या वेळेत फरक पडतो. म्हणून अशा वेगात होस्ट आधी आज्ञा १९ देऊन ६४ बाइटचा एक ठरलेला नमुना पुन्हा पुन्हा मागवतो, चाळीस वेळांपर्यंत, आणि ठोक्याच्या कोणत्या क्षणी वाचलं तर तो बरोबर येतो ते शोधतो. पट्टी घातल्यावर हा क्षण सरकतो. कधी पट्टी घातली की चूक नाहीशी होते, आणि तेव्हा अनुभवी माणूस समजतो की मूळ चूक वेळेच्याच सीमेवर उभी होती.

आता मला सगळ्यात शिकवून जाणारी वाटते ती चूक. बोर्ड बंद करून चालू केला की कार्ड चालतं, पण नुसता रीबूट केला की चालत नाही. घरातल्या वायफाय कॅमेऱ्यापासून कारखान्यातल्या कंट्रोलरपर्यंत असा अनुभव कुणालाही येऊ शकतो.

कार्ड सुरुवातीला ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर बोलतं. वेग वाढवायचा तर सिग्नल १.८ व्होल्टवर आणावा लागतो. त्यासाठी होस्ट आज्ञा ११ देतो, कार्ड कबूल करतं, तारा खाली ओढून धरतं, होस्ट निदान पाच मिलिसेकंद क्लॉक थांबवतो, व्होल्टेज बदलतो, क्लॉक पुन्हा सुरू करतो, कार्ड तारा वर सोडतं, आणि दोघं खालच्या पट्टीत बोलू लागतात. इथून माघारी यायचा एकच रस्ता आहे: कार्डाची वीज पूर्ण तोडणं, ती ०.५ व्होल्टच्या खाली निदान एक मिलिसेकंद ठेवणं. आज्ञा शून्य देऊन हे होत नाही. ती बाकी सगळं विसरायला लावते, सिग्नलची पातळी मात्र तशीच राहते.

रीबूटमध्ये काय होतं? प्रोसेसर नव्याने सुरू होतो आणि ३.३ व्होल्टवर बोलू लागतो. कार्डाची वीज तुटलेलीच नाही, कारण पैसे वाचवायला बोर्डावर कार्डासाठी वेगळा वीज-स्विच दिलेला नाही. कार्ड अजून १.८ वर आहे. होस्टला ‘एक’ ओळखायला साधारण दोन व्होल्ट लागतात. कार्ड प्रामाणिकपणे उत्तर देतं, पण त्याचा ‘एक’ १.८ व्होल्टचाच असतो आणि होस्टला तो नीट दिसत नाही. नोंदवहीत उणे ११०. प्रोग्रामर प्रोग्रामात चूक शोधत बसतो, आठवडे जातात. ॲनालायझरची वाचन-पातळी खाली ओढली की पडद्यावर उत्तर स्वच्छ उभं राहतं: आज्ञा आठ, लगेच कार्डाचं योग्य उत्तर, आणि तरी होस्ट तीच आज्ञा पुन्हा देतोय. उत्तर आलेलं आहे आणि होस्टने ते ऐकलेलं नाही, हे एकदा दिसलं की उपाय कागदावर काढता येतो: कार्डाच्या विजेच्या तारेत एक स्विच आणि रीबूटच्या वेळी तो बंद करायची सोय.

चित्रीकरणातली फ्रेम गळण्याची तक्रारही तारेवर दिसते. लिहिलेला ब्लॉक मिळाल्यावर कार्ड पहिली डेटा तार खाली ओढून धरतं, ‘मी व्यग्र आहे’ म्हणून. एरवी हा वेळ नगण्य असतो, पण कार्ड आतल्या आत जुने ब्लॉक हलवून जागा मोकळी करायला लागलं की तो एकदम वाढतो. नियम ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांना २५० मिलिसेकंदांची मुभा देतो. व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने येत असेल तर सेकंदाला १२.५ एमबी झाले, म्हणजे तेवढ्या पाव सेकंदात तीन एमबीहून अधिक माहिती दाराशी ताटकळते. कॅमेऱ्याच्या बफरमध्ये तेवढी जागा ठेवलेली नसेल तर फ्रेम गळणारच. दोष कुणाचा? कार्डाने मुदत पाळली असेल तर कॅमेऱ्याचा, ओलांडली असेल तर कार्डाचा. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सलग लिहिताना सेकंदाला निदान ३० एमबीची हमी. ती हमी ठरलेल्या पद्धतीने, सलग मोठे तुकडे लिहिल्यावर लागू होते. होस्ट इकडेतिकडे छोटे तुकडे लिहीत असेल तर ती मागता येत नाही.

या कामाची महागडी यंत्रं परदेशी कंपन्या बनवतात आणि आपल्याकडे बंगळुरूची प्रॉडिजी टेक्नोव्हेशन्स एसडी आणि फोनमधल्या ईएमएमसी मेमरीसाठी असे ॲनालायझर बनवते. पण अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमध्ये किंवा विद्याविहारच्या सोमय्यात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणाऱ्या मुलीने त्यासाठी थांबायची गरज नाही. लॅमिंग्टन रोडवर आठ तारांचा, सेकंदाला २.४ कोटी नमुने घेणारा छोटा लॉजिक ॲनालायझर सहज मिळतो. सिग्रोक या मुक्त प्रकल्पाचं पल्सव्ह्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एसडी कार्डाच्या दोन्ही भाषा, मूळ एसडी आणि सोपी एसपीआय, त्याला उलगडता येतात. ठोक्याला निदान चार नमुने हवेत या हिशेबाने सहा मेगाहर्ट्झपर्यंत त्यावर भरवसा ठेवता येतो. आर्डुइनोची एसडी लायब्ररी चार मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे तेवढ्यात बसते.

आणि त्या टेबलावर एक चूक हमखास भेटते. हवेतली धूळ मोजून कार्डावर नोंदवायची आणि लोरा रेडिओने पाठवायची, असा प्रकल्प समजा. कार्ड एकटं लावलं की चालतं, रेडिओ एकटा लावला की चालतो, दोन्ही लावले की रेडिओ बंद पडतो. एसपीआयमध्ये दोघांची उत्तरं एकाच तारेवरून येतात आणि ज्याची पाळी नाही त्याने तार सोडून द्यायची असते. बाजारातल्या काही स्वस्त कार्ड मॉड्यूलवर पाच व्होल्टचे तीन करायला एक बफर आयसी असते आणि तिची परवानगीची पिन कायमची अर्थला जोडलेली असते. त्यामुळे कार्डाने तार सोडली तरी ती आयसी सोडत नाही. मॉड्यूल नीट असतानाही एक बारकावा आहे: पाळी संपल्यावर कार्डाला तार सोडायला आणखी आठ ठोके लागतात, ते द्यायला प्रोग्राम विसरतो. ॲनालायझरच्या पडद्यावर या दोन चुका वेगवेगळ्या दिसतात. पहिलीत उत्तराची तार कधीच मोकळी होत नाही, दुसरीत रेडिओच्या पहिल्या ठोक्यांपुरती अडून राहते.

स्टेशनबाहेरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत हे ज्ञान वेगळ्या वाटेने पोहोचलेलं आहे. डेड फोनमधला डेटा काढायचा तर बोर्डावरच्या सीएलके, सीएमडी आणि डी-झिरो या बिंदूंना केसाएवढ्या तारा सोल्डर करून ईएमएमसी मेमरी थेट वाचतात. ही मेमरी एसडीचीच भावकी, आज्ञांचा साचा तोच, फक्त ‘तयार आहेस का’ विचारायला आज्ञा ४१ च्या ऐवजी आज्ञा एक. मायक्रोस्कोपखाली हे काम करणारी मुलं इंजिनीअरिंगला गेलेली असतीलच असं नाही. तार लांब झाली की क्लॉक कमी करायचा, हे मात्र त्यांना हाताने ठाऊक असतं. नव्या फोनमध्ये ईएमएमसीची जागा यूएफएसने घेतली आहे. तिथे सिग्नल तारांच्या जोड्यांमधून सेकंदाला अब्जावधी बिटांच्या वेगाने धावतो आणि साधी तार सोल्डर करून भागत नाही. कार्डांचंही तेच होऊ लागलं आहे. २०१८ च्या एसडी एक्स्प्रेस नियमांनी कार्डात संगणकातली पीसीआय एक्स्प्रेस आणली, आणि जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या खेळयंत्राला मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं. त्यासाठी ॲनालायझरही त्या जातीचा हवा.

एक गोष्ट मात्र या यंत्राच्या कक्षेबाहेरची आहे. फूटपाथवर किंवा ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणारं एक टीबीचं कार्ड घ्या, ज्यात खरी चिप आठ जीबीचीच आहे. ॲनालायझर लावा. सुरुवात निर्दोष. क्षमता विचारली की कार्ड एक टीबी सांगतं, सीआरसी बरोबर. नवव्या जीबीवर लिहायला सांगितलं की ते स्वीकारतं आणि ‘डेटा नीट पोहोचला’ अशी नियमातली तीन बिटांची पावतीही देतं. वाचायला सांगितलं की भलतेच बिट देतं, त्यांचीही सीआरसी जुळते. नियमभंगाची एकही लाल ओळ पडद्यावर येत नाही, कारण सीआरसी फक्त तारेवरच्या प्रवासाची शहानिशा करते. कार्डाने माहिती खरोखर साठवली का, हे या करारात कुठेच तपासलं जात नाही. अशा कार्डासाठी एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू असलं फुकट सॉफ्टवेअर घेऊन कार्ड ओळखता येईल अशा मजकुराने काठोकाठ भरावं आणि सगळं परत वाचून पडताळावं. मोठ्या कार्डाला यात कित्येक तास जातात. लग्नाच्या किंवा शूटिंगच्या आदल्या दिवशी ते तास काढावेत.